चाचणीचा पादचारी

शमाल वाहून गेला की दुसऱ्या दिवशी आमचं काम निघतं.
मुवैलेहच्या शाळांसमोर ओळीनं उभे कॅमेरे,
सगळ्यांना मोतीबिंदू.
गुल नबी गाडी खांबाला भिडवतो, मी पाळण्यातून वर जातो.
आधी फुंकर, मग ब्रश, मग ओलं फडकं.
क्रम चुकला तर काचेवर ओरखडा राहतो
आणि ओरखड्यातून दिसलेला गुन्हा टिकत नाही,
असं साहेब म्हणतात.
साहेब कधी वर चढलेले नाहीत.

वरून कायदा सोपा दिसतो:
पांढऱ्या पट्ट्यावर पाय पडला की गाडीनं थांबायचं.
नाही थांबली तर पाचशे दिरहम, सहा काळे पॉइंट.
कॅमेरा शिट्टी मारत नाही,
"अहो, पोर आहे" म्हणत नाही.
नंबर वाचतो, वेळ टिपतो,
आणि कुणाच्या तरी फोनवर टिंग वाजते.
मागच्या महिन्यात ती गुल नबीच्या फोनवर वाजली.
तीन दिवस तो खांबाकडे पाठ करून जेवला.

पुसून झालं की चाचणी.
एकानं रस्ता ओलांडायचा. तो एक मी.
रात्रीचे अकरा, शाळेचं फाटक बंद,
कँटीनच्या खिडकीत एक विसरलेली पाण्याची बाटली.
मोठं माणूस कॅमेऱ्याला लगेच कळतं.
लहान निसटतं, बसच्या आड, सावलीत;
चाकांच्या दप्तराला तो सामान समजतो.
म्हणून मी गुडघ्यांत वाकतो.
पाठीवर कंपनीचं दप्तर: गुलाबी, मत्स्यकन्येचं, आत दोन विटा.
एकशे वीस सेंटीमीटर.
गुल नबी टेप धरून ओरडतो,
"और नीचे, उस्ताद, और नीचे!"
चव्वेचाळीस वर्षांचा मी
जातो, येतो, मधेच थांबतो
(मुलं थांबतात, पेन्सिल पडली की),
उलटा पळतो
(त्याच पेन्सिलीसाठी),
स्क्रीनवर माझ्याभोवती हिरवी चौकट उमटेपर्यंत.

शलाका एकशे वीस होती तेव्हा इथेच होती.
दोन वर्षं. मग घरभाडं वाढलं,
आणि त्या दोघी माणगावला गेल्या.
याच पट्ट्यांवर हात धरून शिकवलं होतं तिला:
आधी डावीकडे बघ, गाडी डावीकडून येते,
मग उजवीकडे, मग परत डावीकडे.
पाढ्यासारखं घोटून घेतलं.

माणगावला गाडी उजवीकडून येते.
शाळेसमोर पट्टे होते म्हणे,
नवं डांबर पडलं त्याच्याखाली गेले.
तिची आई सांगते, अजून आधी डावीकडेच बघते.
एकदा एसटीनं करकचून ब्रेक दाबला,
ड्रायव्हर खाली उतरून ओरडला,
बाप कुठाय हिचा?

शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर मी विचारलं,
"रस्त्यावर आधी कुठे बघायचं, सांग."
ती जेवत होती. घास गिळून म्हणाली,
"इथे की तिथे, बाबा?"
मग नेट गेलं. किंवा मीच काही बोललो नाही.

आज सतरावी फेरी.
वाकून पट्ट्याच्या कडेला उभा आहे
तर रिकाम्या रस्त्यावरून एक लँडक्रूझर येते,
आणि दप्तर बघून थांबते.
काच खाली होते. पांढऱ्या कंदुऱ्यातला एक म्हातारा
बराच वेळ न्याहाळत राहतो
गुडघ्यांत दुमडलेल्या या दाढीवाल्या मुलाला.
हसत नाही.
हातानं खूण करतो, जा.

मी आधी डावीकडे बघतो.
मग उजवीकडे,
आणि मग, गुल नबी हाका मारत असताना,
उजवीकडेच.